हाफबॅकची बढती

९ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठ्या प्लेअरला म्हातारपणी विचारतात, सुरुवात कशी झाली, आणि तो आठवत बसतो. मी आठवत बसणार नाही.
सुरुवात अशी. ऑस्ट्रेलियातल्या कुराबिनच्या कत्तलखान्यात लागून महिना झाला. काम सोपं आहे. हुकाला लटकलेलं अर्धं जनावर येतं, मी ढकलतो, ते पुढे जातं. आज सुटल्यावर कुराबिन कॉकाटूज क्लबच्या प्रॅक्टिसला गेलो. कोच डॅरिलने विचारलं, कुठे खेळतोस. म्हटलं, हाफबॅक. गावी कुठल्या टीममध्ये खेळायचो ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. (कॉफी वाळवायच्या खळ्यात. प्लॅस्टिकच्या बाटलीत गवत कोंबलं की झाला बॉल.)
रग्बी लीगमध्ये मैदानात तेरा जण असतात, पण खेळवतो एकच. सात नंबरची जर्सी. हाफबॅक. बाकीचे बारा हमाल.

१० मार्च
गावी मामांना फोन. सांगितलं की सात नंबर मिळाला. अजून मिळाला नाही, पण मिळेल तेव्हा डोंगरात रेंज असेलच असं नाही.
आमच्या पापुआ न्यू गिनीत लीगपुढे लग्नसुद्धा पुढे ढकलतात. मामांनी तिथल्या तिथे गावाला जाहीर केलं: क्लबवाले फायनल मोबाईलवर दाखवतात, ती आपण मिशनच्या शाळेत प्रोजेक्टरने चादरीवर बघायची, आणि भाचा सात नंबर घेऊन दिसला की मोठं डुक्कर कापायचं. ते डुक्कर मामा माझ्यापेक्षा लाडाने वाढवतायत. पावसात त्याला घरात घेतात. मला नाही घ्यायचे.
म्हणजे आता फायनल आणि सात नंबर, दोन्ही लागणार. बघू. सोपं आहे.

१३ एप्रिल
पहिली मॅच. सात नंबर मिळाला! हरलो, पण माझ्यामुळे नाही. बॉल माझ्याकडेच होता, हरणार कसे.
डॅरिलचं म्हणणं, हाफबॅकने बॉल पास करायचा असतो. मी म्हटलं, चांगल्या माणसाला करीन. तो म्हणाला बारा जण होते. मी नावं विचारली, त्यावर तो उठून गेला.

२० एप्रिल
बढती.
डॅरिलने सांगितलं की पुढच्या मॅचपासून तू फाईव्ह-एट्थ. हाफबॅक ब्रोडी खेळेल. ब्रोडी म्हणजे नळ दुरुस्त करणाऱ्याकडे कामाला आहे तो बुटका, कान मोठे, एकोणीस वर्षांचा. मला आधी वाईट वाटलं. मग हिशेब केला.
माझी शाळा चौथीपर्यंत. अपूर्णांक शिकवले आणि मी शाळा सोडली, म्हणजे शेवटपर्यंत शिकलो. क्लबात पिझ्झा आला होता, त्याचे आठ तुकडे. हाफ म्हणजे चार. फाईव्ह-एट्थ म्हणजे पाच. केरेंगाला समोर मांडून दाखवलं. केरेंगा माझा रूममेट, आमच्याच सिम्बू प्रांताचा, पलीकडच्या दरीतला. गावी त्याची माणसं आणि माझी माणसं एकमेकांवर बाण सोडतात, इथे तो माझे मोजे घालतो. त्याने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि पाचवा तुकडा खाऊन टाकला.
जर्सी सहा नंबर. नंबर खाली, माणूस वर. मामांना एवढ्यात सांगत नाही. हिशेब फोनवर समजत नाही.

४ मे
संकल्प: रोज पहाटे धावणे. कँटीनमधला मीट पाय, म्हणजे खिम्याचा पॅटिस, बंद.

५ मे
पहाटे मरणाची थंडी. धावणं संध्याकाळवर. संध्याकाळी पाय खाल्ला. पाय सोडून धावणार कशावर.

१८ मे
माझ्या युक्त्या मी आता आपल्या टोक पिसिन भाषेत ओरडतो, समोरच्या टीमला कळू नयेत म्हणून. त्यांना काही कळलं नाही. आमच्या टीमलाही कळलं नाही. इतकी गुप्तता आजवर या क्लबात कोणी पाळली नसेल.
हरलो.

१ जून
पुन्हा बढती! आता विंगर. कडेला उभा राहणारा. आणि केरेंगानेच सांगितलं की जुनी माणसं विंगरला थ्री-क्वार्टर म्हणतात. पाऊण! सहा तुकडे. अर्ध्याचा पाऊण झालो आणि अजून जून उजाडतोय.
केरेंगाला विचारलं, तू कुठे खेळायचास. म्हणाला, मी नाही खेळत, मला गुडघे पुढेही लागणार आहेत. अशा माणसाची प्रगती कशी होणार.

१५ जून
कडेला बॉल येत नाही. वारा येतो. अर्धा वेळ मी आणि कुंपणापलीकडचा एक घोडा, दोघेच. शेवटी मीच मध्ये गेलो, ब्रोडीला चार गोष्टी सांगायला. तेवढ्यात समोरच्यांनी माझ्या कोपऱ्यातून जाऊन रेषेपार बॉल टेकवला, ट्राय मारला. डॅरिल विचारत होता कोपऱ्यात कोण होतं. मी म्हटलं, कोणी नव्हतं, मी तर तिथे नव्हतोच.
मॅच मात्र जिंकलो. मी सांगितलेल्या चार गोष्टींमुळे. ब्रोडी म्हणतो त्याला एकही कळली नाही. कळायला लागतातच असं नाही.

६ जुलै
मामांचा फोन. डुक्कर आता दारातून आत मावत नाही. विचारत होते, सात नंबर नीट आहे ना. म्हटलं, सात कधीच मागे टाकला. मामा खूश. आई मागून विचारत होती, जेवतोस का.

२० जुलै
पूर्ण झालो.
फुलबॅक एका लग्नाला गेला म्हणून डॅरिलने मला सगळ्यात मागे उभं केलं. फुल. आख्खा पिझ्झा. जर्सी एक नंबर. जगात याच्या खाली नंबर नाही आणि वर माणूस नाही. मागे उभं राहिलं की सगळी टीम समोर दिसते, मालकाला शेत दिसतं तशी.
फुलबॅकने आकाशातून येणारा बॉल झेलायचा असतो. आज आकाशात सूर्य पण होता. तीनदा सूर्य झेलला.

२१ जुलै
डॅरिल रूमवर आला, टोपी हातात घेऊन. म्हणाला, टोबायस, तू फार मनापासून खेळतोस. मग म्हणाला की स्कोअरबोर्डवाल्या मॅव्हिसबाईंचा गुडघा गेलाय आणि शिडी चढायला भरवशाचं कोणीतरी हवंय.
तो गेल्यावर केरेंगा मोजे काढत म्हणाला, "तुला मैदानाबाहेर काढला रे."
मी त्याला मैदान काढून दाखवलं. हाफबॅकच्या मागे फाईव्ह-एट्थ, त्याच्या मागे थ्री-क्वार्टर, सगळ्यात मागे फुलबॅक. फुलबॅकच्या मागे काय? स्कोअरबोर्ड. सरळ रेष आहे. आता या जागेला काय म्हणतात तेवढं विचारायचं. पूर्णाच्या पुढे म्हणजे सव्वा असणार.

३ ऑगस्ट
मॅव्हिसबाई सत्तरीच्या, कँटीनपण त्याच सांभाळतात. सगळ्यांना राजा म्हणतात, कुत्र्यालासुद्धा. त्यांनी नियम एकच सांगितला. आकड्याची पाटी खुंटीवर असते नाहीतर पेटीत. हातात धरून उभं राहायचं नाही, लोक बोर्ड बघतात, तुला नाही. मी म्हटलं, समजलं. मनात म्हटलं, बाईंनी अजून मला नीट पाहिलं नाही.

२४ ऑगस्ट
फायनलला पोचलो! आम्ही. ब्रोडीने तीन ट्राय करून दिले, मी तिन्ही लावले.
मामांचा फोन. तारीख पक्की, चादर पक्की, डुक्कर भाजायचा खड्डा खणायला घेतलाय, दगड आणि रताळी जमा. पलीकडच्या दरीतल्या लोकांनाही बोलावलंय, केरेंगाच्या माणसांना. बाण घरी ठेवून येणार आहेत. मामा म्हणाले, "भाच्या, मी सगळ्यांना शब्द दिलाय. तू सात नंबर घेऊन दिसला पाहिजेस. नाही दिसलास तर मी आणि डुक्कर दोघांनी तोंड कुठे लपवायचं?"
जेवण गेलं नाही. पाय सोडून.

३० ऑगस्ट
डॅरिलकडे गेलो. म्हटलं, फायनलमध्ये पाच मिनिटं सात नंबर द्या, गावची माणसं बघणार आहेत. तो हसला नाही, हे मला आवडलं नाही. म्हणाला, ब्रोडीला उतरवून? नाही जमणार, लेका. मग खांद्यावर हात ठेवला. त्या हातावरून मला कळलं की विचार चालू आहे.

६ सप्टेंबर
युक्ती सुचली. मामा म्हणाले, सात नंबर *घेऊन* दिसला पाहिजेस. घालून नाही म्हणाले. पाट्यांच्या पेटीत सात आहे की नाही? आणि क्लबचा कॅमेरा कँटीनच्या छपरावर एकाच जागी बांधलेला असतो, त्यात बोर्ड कायम दिसतो. बाकीचे तेरा जण पळत येणार, पळत जाणार. मी आख्खी मॅच दिसणार.
मामांना मामा बनवतोय असं नाही. सोय करतोय.

१३ सप्टेंबर
नवीन संकट. मॅगपाय. बोर्डामागच्या झाडावर घरटं आहे आणि हा पक्षी वसंतात, म्हणजे इथे सप्टेंबरात, माणसाच्या डोक्यावर टोचायला येतो. मॅव्हिसबाईंनी आइस्क्रीमचा रिकामा डबा दिला, डोक्यावर घालायला. इथे सगळे घालतात, पोस्टमनपण. चेहरा झाकतो, पण सात दिसल्याशी मतलब.

१४ सप्टेंबर, सकाळ
फायनल. शर्टाखाली सात नंबरची पाटी घेतली. पोटाला गार लागते. केरेंगा म्हणाला, जाड दिसतोयस. प्लेअर मॅचच्या दिवशी जाडच दिसतो.

१४ सप्टेंबर, रात्र
जे झालं ते लिहितो, म्हणजे पुढे कोणी वेगळं सांगायला नको.
शेवटपर्यंत सहा-सहा. कॅमेरा माझ्यावर. मी शिडीवर, आमच्या सहाच्या पाटीपुढे, डोक्यावर डबा, छातीशी नुकताच शर्टाखालून काढलेला सात. शेवटच्या दोन मिनिटांत ब्रोडीने चालत्या खेळात खांबांमधून किक मारायला घेतली. ती गेली की एक पॉइंट. बॉल खांबाला घासून बाहेर गेला. पण ब्रोडीवर तेव्हा दोन धिप्पाड माणसं पडलेली होती, त्याला दिसलं नाही. उठला आणि त्याने बोर्डाकडे पाहिलं.
बोर्डावर सात-सहा.
म्हणजे बोर्डावर नाही. मी *धरला* होता, *लावला* नव्हता. यात फरक आहे.
त्यांनी बॉल सांडला, तो ब्रोडीकडे आला. समोर खांब मोकळे, अगदी नळ सोडावा इतकं सोपं. डॅरिल ओरडत होता मार, मार. ब्रोडीला वाटलं आपण जिंकतोय, आता नुसता वेळ काढायचा. त्याने बॉल लांब प्रेक्षकांत मारला आणि दोन्ही हात वर केले. भोंगा झाला. तो एकटाच नाचत होता.
जादा वेळ. जो पहिला पॉइंट करेल तो जिंकला. त्यांनी केला.
मग मला सात लावायला लागला. त्यांच्या बाजूला.
मॅव्हिसबाई शिडीखाली आल्या. म्हणाल्या, "खुंटीवर नाहीतर पेटीत, राजा." एवढंच. गुडघ्यावर हात ठेवून परत गेल्या.
ब्रोडी मैदानाच्या मध्यात बसला होता. कान एकदम लहान दिसत होते. मी डबा काढून त्याच्याकडे जायला निघालो. मॅगपायने तेवढ्यात टोच मारली. म्हणून गेलो नाही.

१५ सप्टेंबर
कामावर कोणी बोललं नाही. अर्धी जनावरं आली, ढकलली.
सुटल्यावर ब्रोडीच्या दुकानावर गेलो. तो बेसिनखाली होता, फक्त बूट दिसत होते. बुटांना सगळं सांगितलं. आतून आवाज आला, पाना दे. दिला. थोड्या वेळाने, तो नाही, छोटा. तोपण दिला. बहुतेक माफ केलं. नाहीतर मोठ्या पान्याचंच काहीतरी केलं असतं.

१६ सप्टेंबर
मामांचा फोन. मी उचलला नाही. केरेंगाने उचलून माझ्या कानाला लावला. शेवटी पलीकडच्या दरीचा तो पलीकडच्या दरीचाच.
मामा आनंदात. गावात चादरीवर सात-सहा दिसलं, बुटक्याने हात वर केले, आणि तिथेच मोबाईलचा डेटा संपला. सगळे नाचले. डुक्कर कापलं, दोन्ही दऱ्यांनी पोट फुटेस्तोवर खाल्लं. मी म्हटलं, मामा, आपण हरलो.
त्यावर मामा म्हणाले, "डुक्कर परत जोडता येत नाही."
मग विचारलं, तो बुटका कोण. म्हटलं, ब्रोडी, हाफबॅक. गावातली पोरं आता सगळी ब्रोडीच आहेत म्हणाले, बाटली घेऊन हात वर करत पळतात. पाठीचा तुकडा त्याच्या नावाने धुरावर ठेवलाय, कोणाबरोबर पाठवू? आणि डोक्यावर डबा घातलेला तो कोण? आई मागून म्हणाली, तो आपला टोबायस, उभा राहतो कसा बघा ना. तिने म्हणे सबंध मॅच मलाच पाहिलं. बाकीचे फार पळत होते.
मग मी मामांना खरं काय ते समजावलं. हाफ, फाईव्ह-एट्थ, पाऊण, पूर्ण, आणि पूर्णाच्याही पुढे बोर्ड. पिझ्झा सांगितला, त्यांना कळेना, म्हणून रताळं सांगितलं. मामांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी एक लांब श्वास सोडला.
"भाच्या," मामा म्हणाले, "अर्धा नाही, पाऊण नाही. तू दीड..."
आणि रेंज गेली.
दीड! मी तर सव्वाच धरून चाललो होतो. अर्ध्यावर सुरुवात केली, एका सीझनमध्ये तिप्पट.
केरेंगाला विचारलं, दीडच्या पुढे काय म्हणणार होते मामा. तो माझे मोजे घालत म्हणाला, "शहाणा."
ही जागा डॅरिलने कधी सांगितली नव्हती. त्याला विचारायला हवं. तो माझ्याशी बोलायला लागला की विचारतो.