तुझ्या गाडीहून दोन बोटं उंच

प्रिय टिकले,

आधी बातमी देते, मग बाकीचं. गाडी घेतली. एसयूव्हीच. सेकंड हँड, नऊ वर्षांची, राखाडी रंगाची, तुझी आहे त्याच कंपनीची, आणि तुझ्या गाडीहून दोन बोटं उंच. हे शेवटचं मला कसं कळलं म्हणशील, तर मी दोन्ही गाड्यांचे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून वजाबाकी केली. सत्तेचाळीस वर्षांची बाई, स्वतःचं चष्म्याचं दुकान, दिवसभर लोकांशी शहाण्यासारखं बोलणारी, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की बहिणीच्या गाडीची उंची मोजणारी! हस तू. मलाही हसू आलं होतं.

फोन न करता पत्र का लिहितेय, तेही सांगते. फोनवर तू मध्येच काहीतरी बोलतेस, मी लगेच विषय बदलते, मग आपण हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि फोन ठेवतो. तसे फोनही हल्ली कुठे होतात? या वेळी मला विषय बदलता येऊ नये, म्हणून हा कागद.

तुझी गाडी आली तेव्हा तू फोटो पाठवला होतास. गाडी नवीकोरी आणि तू स्टिअरिंगमागे बसून खिडकीतून हात बाहेर काढलेला. बाबांना माझ्या मोबाइलवर नीट दिसेना, म्हणून मीच शहाणपणा करून तो छापून आणला. त्या दिवसापासून तो त्यांच्या शर्टाच्या खिशात गेला. औषधवाल्याला दाखवून झाला, केस कापणाऱ्याला दाखवून झाला. एकदा माझ्या दुकानात येऊन बसले आणि जवळचं दिसत नाही म्हणून आलेल्या एका अनोळखी बाईच्या नाकाशी त्यांनी तो फोटो धरला. ‘ही आमची धाकटी. एवढी मोठी गाडी स्वतः चालवते, बरं का.’ बाईंनी शिष्टाचार म्हणून माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ‘आणि या?’ तर म्हणाले, ‘ही थोरली. हिचंच दुकान.’ संपलं. चोवीस वर्षं त्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळतेय, गुडघ्याला शेक देतेय, भाजीत मीठ कमी घालतेय, आणि माझ्या वाट्याला दोन शब्द. त्या बाईंच्या चष्म्याचा नंबर मी त्या दिवशी तीनदा तपासला, कारण पहिल्या दोन्ही वेळा माझं लक्षच नव्हतं.

तर मी जळले. सरळ सांगते, टिकले, कारण आडून सांगायचं वय गेलं. महिनाभराने मी बाबांना म्हटलं, तुमचे गुडघे वाकत नाहीत, भाड्याच्या बुटक्या गाडीत बसताना त्रास होतो, उंच गाडी घेऊ या. हे खोटं नव्हतं. पण उंच गाड्या साध्याही मिळतात, नव्याही मिळतात, आणि त्याच पैशात मिळतात. मला तुझीच हवी होती. नवी घेण्याची ऐपत नाही, तर जुनी का होईना, पण तिच्या नाकावर तेच चिन्ह पाहिजे. आणि ते बाबांनी कोणाला तरी दाखवलं पाहिजे.

बाबांचं काय झालं ते सांगू? दहा वर्षांनी लहान झाले. एकतीस वर्षं साहेबांची गाडी चालवलेला माणूस तो. आधी माझी शिकवणी घेतली. ‘अशा गाड्या घ्यायला स्वस्त झाल्या तरी पोसायला महागच राहतात. किंमत बघून भाळू नकोस. एकाच मालकाची बघायची. सर्व्हिसची फाइल पहिल्या पानापासून हवी. फार बटणं आणि स्क्रीन असलेली नको, बिघडलं की रडशील. आणि हातातले सगळे पैसे गाडीत घालायचे नाहीत, पाचवा हिस्सा टायर आणि दुरुस्तीला बाजूला.’ मी वहीत उतरवून घेत होते. ते मला पहिल्यांदाच काही शिकवत होते. चष्म्याच्या काचाही मी माझ्या मीच शिकले.

पहिल्या रविवारी जुन्या गाड्यांच्या एका मोठ्या दुकानात गेलो. काळी गाडी, आरशासारखी. विकणारा इतका गोड बोलत होता की मला वाटलं, हा आता आमचे पायच धरतो. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर. मी मनातल्या मनात तिच्यात बसून तुझ्या दारात हॉर्नसुद्धा वाजवला. बाबा मात्र दार उघडून खाली बघत उभे. मग मला हळूच म्हणाले, ‘ब्रेकचं पेडल बघ.’ पेडलचं रबर एका कोपऱ्यात पार गुळगुळीत झालेलं, स्टिअरिंगचं चामडं हाताने घासून चकाकलेलं, ड्रायव्हरच्या सीटची कड बसलेली. ‘ही चाळीसवाली नाही, ही लाखाच्या वरची आहे. मीटर मागे फिरवलाय.’ विकणाऱ्याने ते ऐकलं आणि त्याचा गोडवा तिथल्या तिथे आटला. बाहेर पडताना बाबांनी मात्र खिशातून फोटो काढून त्याला दाखवलाच. ‘आमच्या धाकटीकडे हीच आहे. नवी.’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या रविवारची गाडी पांढरी होती, एका बांधकाम कंत्राटदाराची. किंमत इतकी कमी की मी आगाऊ रक्कम द्यायला पर्स उघडलीसुद्धा. बाबांनी मागच्या सीटचा पट्टा पूर्ण बाहेर खेचला. जो भाग एरवी आत गुंडाळलेला असतो, तिथे मातकट रेघ. मग सीटखाली हात घालून बोटं वर काढली, तर बोटांवर वाळलेला गाळ. ‘पुराच्या पाण्यात उभी होती ही. वरून कितीही धुवा. वर्षभराने एकेक वायर दगा देईल.’ कंत्राटदार म्हणाला, काका, तुम्ही फारच शंकेखोर. बाबा म्हणाले, मी ड्रायव्हर आहे. ‘होतो’ नाही म्हणाले. ‘आहे’. मला त्यांचा इतका अभिमान वाटला आणि त्याच क्षणी मनात आलं, टिकली इथे असती तर तिने टाळ्या वाजवल्या असत्या आणि मी नुसती उभी राहिले.

तिसरी गाडी आपली. दातांच्या डॉक्टरीण बाईंची. त्यांनी दवाखाना बंद केला होता. अर्ध्या खोलीत खोकी, खुर्चीवर चादर टाकलेली, भिंतीवर तक्त्यांच्या जागी पांढरे चौकोन. त्यांनी गाडीची फाइल आणून दिली तर काय सांगू! पहिल्या ऑइल बदलण्यापासून प्रत्येक कागद तारखेप्रमाणे लावलेला. टायर कधी बदलले, बॅटरी कधी, सस्पेंशनचं काम कुठे केलं, सगळं. एका दारावर ओरखडा होता, तो त्यांनी स्वतःहून दाखवला. ‘फाटकाला मीच घासली. फाटकाचं काही बिघडलं नाही.’ बाबांनी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी, गुडघ्यांसकट, गाडीखाली गेले. बाहेर आले ते केसांना धूळ आणि चेहऱ्यावर लग्न ठरल्यासारखा आनंद. ‘कोरडी आहे. कुठे तेलाचा थेंब नाही.’

मग त्यांनी विचारलं, एवढी चांगली गाडी विकता का? बाई म्हणाल्या, ‘मुलीकडे कायमची राहायला चाललेय. तिने बोलावलंय. तिच्याकडे गाडी आहे, मला दुसरी काय करायची?’ बाबा हात पुसत होते. पुसतच राहिले. म्हणाले, ‘नशीबवान आहात. बोलावणारं माणूस लागतं.’ आणि माझ्याकडे बघून, अगदी सहज, ‘आमच्या धाकटीचा हल्ली फोनच येत नाही. कामात असेल. की रागावलीय कशावरून, गं?’

मी फाइल चाळत राहिले. कागदावर काय होतं, एक अक्षर सांगता यायचं नाही.

बाईंनी किल्ली दिली, म्हणाल्या, एक चक्कर मारून या. बाबा शेजारी बसले. सीट उंच, त्यामुळे हात न धरता बसले. मी चालवायला लागले. गावाबाहेरचा मोकळा रस्ता, रविवार सकाळ. गाडी अशी चालत होती की आपण रस्त्याला पाय लावतोय असं वाटतच नव्हतं. बाबा गिअरचा, इंजिनाचा आवाज ऐकत असतील असं मला वाटत होतं, पण ते माझ्या हातांकडे बघत होते. म्हणाले, ‘छान चालवतेस. कोणी शिकवलं?’ मी म्हटलं, क्लासवाल्याने. फी भरून. एकोणचाळिसाव्या वर्षी, तुम्हाला न सांगता.

तुला आठवतं ना, तू सतरा वर्षांची असताना साहेब परगावी गेले की बाबा तुला मोकळ्या मैदानावर न्यायचे? मी खिडकीतून बघायचे. आई आजारी होती, मी गरम पाण्याची पिशवी भरायचे आणि तुम्ही दोघं धुळीने माखून, हसत परत यायचात. मी कधी विचारलं नाही की मला का नाही. सत्तावीस वर्षं पोटात ठेवलेलं ते त्या दिवशी तोंडातून बाहेर पडलं. मी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, मला का नाही शिकवलं, बाबा?

त्यांनी खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मग म्हणाले, ‘धाकटी जाणारच होती. तिला धरून ठेवणं कोणाला जमलं असतं? म्हटलं, जायचंच आहे तर नीट जाऊ दे. तुला शिकवलं असतं तर तूही गेली असतीस. आईचं तसं, मी दिवसभर बाहेर. मला तू घरात हवी होतीस.’ आणि मग, ‘वाईट केलं मी. स्वार्थीपणा केला.’

मी गाडी बाजूला घेतली. त्यांना वाटलं मी चिडले. टिकले, मी चिडले नव्हते. इतकी वर्षं मला वाटत होतं की तू लाडकी म्हणून तुला मिळालं आणि मला नाही. आणि हे म्हणत होते की मी जाऊ नये म्हणून मला दिलं नाही. खरं सांगू? मला क्षणभर बरंच वाटलं. माझी पण कोणाला एवढी गरज होती. आणि दुसऱ्याच क्षणी माझ्या लक्षात आलं, माणसाला जवळ ठेवण्यासाठी त्याच्या वाट्याचं काहीतरी लपवून ठेवलं, म्हणून त्यांच्यावर रागवायला मला जागाच उरली नव्हती.

तुझा निरोप सात महिन्यांपूर्वी आला होता. माझ्याच मोबाइलवर, कारण बाबांकडे मोबाइल नाही. ‘बाबांना विचार, माझ्याकडे राहायला येतील का? कायमचे. खालची खोली त्यांच्यासाठी केलीय. गाडीही उंच घेतली ती त्यांच्या गुडघ्यांचा विचार करून. हो म्हणाले तर मी स्वतः न्यायला येते.’ मी दोन दिवसांनी तुला लिहिलं, बाबा नको म्हणतात, त्यांना इथलं घर सोडवत नाही. तू त्यावर फक्त ‘बरं’ असं उत्तर दिलंस, आणि मग तुझे फोन कमी झाले. टिकले, बाबा नको म्हणाले नाहीत. मी त्यांना विचारलंच नाही. तुझी खोली, तुझी गाडी, सगळं वाचलं आणि मला वाटलं, हिने सगळं नेलं, आता एवढं एक माणूसही नेणार. म्हणून मी त्यांच्या तोंडचं ‘नको’ स्वतःच लिहून टाकलं. तू तिकडे त्यांच्यावर रुसलीस, ते इकडे तुझ्या फोनची वाट बघतात, आणि मी मधोमध बसून दोघांना गोळ्या-पाणी वेळेवर देणारी शहाणी थोरली. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं होतं. येत्या शनिवारी मी त्यांना घेऊन तुझ्याकडे येतेय. सकाळी निघू, दुपारपर्यंत पोचू. तू त्यांना माझ्यासमोर विचार, तुझ्या तोंडाने. मी काय केलं तेही मीच सांगेन, तू मध्ये पडू नकोस. त्यांनी नाही म्हणावं असं मला आज, हे लिहितानाही वाटतंय. ते तुझ्यापासून लपवत नाही. पण ते हो म्हणाले तर त्यांची बॅग मी आत ठेवीन, गोळ्यांच्या वेळा तुला लिहून देईन, आणि एवढ्या मोठ्या गाडीतून एकटी परत येईन.

तुझीच, अजूनही थोडी जळणारी,
ताई