गाडीतलं तेल वाढतंय!

६ एप्रिल, रविवार

ऑइल मीच आणलं. ढब्बूच्या ड्रममधलं नको म्हणालो. ढब्बू शाळेपासूनचा मित्र, गॅरेजवाला. पण मित्र वेगळा आणि माप वेगळं. बत्तीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो, भल्याभल्यांचे काटे पकडलेत!

दुकानदार म्हणतो, "काका, फाइव्ह-डब्ल्यू-थर्टी आहे, फुल सिंथेटिक. बिनधास्त घाला." बिनधास्त? घट्टपणाचा आकडा तोच म्हणून तेल तेच होत नाही. आपली गाडी युरोपातली, डिझेल, धूर जातो तिथे काजळी अडवणारी जाळी. राख कमी होणारंच तेल लागतं, नाहीतर जाळी चोंदते. गाडीच्या पुस्तकात कंपनीचा मंजुरी क्रमांक आहे, तोच डब्यावर हवा. एका डब्यावर नुसतं "योग्य" लिहिलेलं. योग्य कोण ठरवणार, हा दुकानदार? दुसऱ्यावर "मंजूर" होतं. तो घेतला. अक्षरं तर इतकी बारीक, आणि प्रत्येक शब्द मध्येच पुसट — मुद्दाम छापतात तसं! भिंग नेलं होतं म्हणून बरं. मार्चमध्ये डोळे तपासले, पण डॉक्टर हिच्याशीच बोलत बसले. नवा चष्मा काही दिला नाही.

ढब्बूने माझ्यासमोर तेल भरलं. तेल मोजायच्या पट्टीवर, डिपस्टिकवर, दोन खुणांच्या बरोबर मध्ये. चार मेला नातीला आणायला लेकीकडे जायचंय, दोन तास हायवे. मागे नात बसलेली आणि इंजिनाने दगा दिला तर? नाही चालणार.

१३ एप्रिल, रविवार

पातळी वर सरकलीय! थोडीशीच, पण सरकलीय. तेल कमी होतं हे ठाऊक आहे. वाढतं कसं?

१४ एप्रिल

हिला सांगितलं. म्हणे, "अहो, तुमच्या बघण्यात चूक होत असेल." माझ्या बघण्यात! दुसऱ्याने वाचलेला आकडा मी उभ्या नोकरीत कधी वहीत घेतला नाही. ही पिशवी उचलून वाचनालयात गेली. हल्ली रोज अकराला जाते. पुस्तक मात्र महिनाभर तेच आहे.

२० एप्रिल, रविवार

आणखी वाढलं! वास घेतला — डिझेलचा. माझी पाठ फिरल्यावर ढब्बूने काहीतरी घोळ केलाय. कुठेतरी पाणी मुरतंय.

हायवेला चक्कर मारली. लेनचे पट्टेसुद्धा वेडेवाकडे मारलेत, ठेकेदार चोर सगळे! ही शेजारी दाराचं हँडल घट्ट धरून बसली होती. किलोमीटरचा आकडा लिहायचा होता, पण डॅशबोर्डचा दिवा मंद झालाय. तेही ढब्बूचंच काम असणार.

२२ एप्रिल

गॅरेजमध्ये भांडलो. चार गिऱ्हाइकांसमोर. "तू तेल बदललंस!" ढब्बू फडक्याला हात पुसत म्हणाला, "इन्स्पेक्टर, तुझ्या गाडीत मी कधी थेंबाचं कमीजास्त केलंय का रे?" मी म्हटलं, मग वाढलं कसं? यावर त्याची मान खाली! खोटं माप सापडलं की दुकानदार अशीच मान खाली घालतात. म्हटलं, आजपासून तुझ्या गॅरेजची पायरी चढणार नाही.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. पन्नास वर्षांची दोस्ती.

२५ एप्रिल

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या इंजिनिअर बाई म्हणाल्या, "काका, तेल अगदी बरोबर निवडलंय तुम्ही. कुणी काही मिसळलेलं नाही. रोज गाडी थोडीशी चालवून बंद करता का?" जाळीतली काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं म्हणे. मध्येच गाडी बंद केली की ते न जळलेलं डिझेल तेलात उतरतं. मी म्हटलं, मी फक्त रविवारी काढतो, तीही हायवेला. त्या हसल्या. "मग घरातलं आणखी कुणीतरी नेत असेल."

म्हणजे ढब्बू निर्दोष? मग मान खाली का घातली त्याने?

दुसरी किल्ली हिच्या कपाटात असते, आणि गाडी मागच्या गल्लीत, घरातून दिसत नाही अशी. रविवारी सीटही एक खाच पुढे होती. मला वाटलं, माझंच पोट सुटलंय!

२८ एप्रिल, सोमवार

"जरा पडतो" म्हणालो, आणि ही गेल्यावर मागोमाग निघालो. वाचनालयाच्या कोपऱ्यावर डोळ्यांत तेल घालून उभा राहिलो. एक गाडी आली. आपलीच आहे, हे पार जवळ आल्यावर कळलं. चालवत होती — ही! शेजारी ढब्बू, हात हँडब्रेकवर. काचा खाली, दोघांच्या हसण्याचा आवाज.

हिचं लायसन्स वीस वर्षं कपाटात पडलंय. मीच म्हणायचो, मी असताना तुला कशाला? हाक मारली नाही. घरी येऊन पंख्याखाली बसून राहिलो. बायको आणि मित्र, दोघं मिळून मला फसवताहेत. नाही नाही ते विचार आले, ते इथे लिहीत नाही.

१ मे

ही विचारते, "बोलत का नाही हो?" मी वही उघडली.

४ मे, रविवार

काल रात्रीचं जेवण झाल्यावर ही स्वतःच बोलली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलं होतं — पडद्याचा मधला भाग जातोय, यांना गाडी चालवू देऊ नका. "तुम्हाला सांगायला जीभ रेटली नाही हो. आणि तुम्ही तर नातीला मागे बसवून..." म्हणून ढब्बूकडे गेली होती, हात पुन्हा बसवून द्या म्हणून.

सकाळी ढब्बू आला. त्याची पायरी मी चढणार नव्हतो, तर तोच माझी चढला. नवं तेल भरलं, तेच, मंजूरवालं. मी माफी मागायला लागलो तर म्हणाला, "गप रे, डबा धर." डिपस्टिक पुसली आणि हिच्या हातात दिली.

किल्लीही हिच्याकडेच आहे. निघतोय.

पातळी: दोन खुणांच्या बरोबर मध्ये. वाचली हिने. मी वहीत घेतली.