चार तास मागे

प्रिय दादा,

आधी खाली बस, मग वाच. कोणाला काही झालेलं नाही. बाबांचे गुडघे सोडले तर घरी सगळं ठीक आहे.

आपल्या कागद कारखान्यातला तो पिवळट संगणक तुला आठवतच असेल. कागद वाळवणाऱ्या रुळांवर नजर ठेवणारा, ज्याच्यापुढे बसवून तू मला हे काम शिकवलंस. तो आता अखेरच्या घटका मोजतोय. त्यातला प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालत नाही आणि तो बनवणारी परदेशी कंपनी कधीच बंद पडली. म्हणून मी नव्या संगणकात व्हर्च्युअल मशीन बनवलं, म्हणजे त्याच्या पोटात एक खोटा जुना संगणक. म्हाताऱ्याला नव्या घरात त्याची जुनी खोली जशीच्या तशी मांडून द्यावी, तसं. रुळांची केबल लावायला नव्या संगणकाला भोकच नव्हतं, त्यातच एक आठवडा गेला. तू असतास तर माझी भरपूर चेष्टा केली असतीस.

सोमवारी प्रोग्रॅम सुरू झाला. तीच निळी स्क्रीन, तोच कर्कश अलार्म. दुपारी तीन वाजता मी मुद्दाम एक अलार्म वाजवला, बंद केला आणि बंद केलेल्या अलार्मची यादी छापली. यादीत वेळ आली सकाळचे अकरा. स्क्रीनवर मात्र तीनच. व्हर्च्युअल मशीनची घड्याळं चुकतात हे मला माहीत होतं, म्हणून दोन दिवस मी माझ्याच कामात खोट शोधत बसले. शेवटी म्हाताऱ्या संगणकावरच तीच चाचणी घेतली. तिथेही यादी चार तास मागे. दादा, ती यादी पहिल्यापासून प्रोग्रॅमच्या आतल्या वेगळ्याच घड्याळाची वेळ छापतेय, ते आपल्या वेळेला कधी कोणी लावलंच नव्हतं. रोज आपण स्क्रीन बघायचो, यादी कोण कशाला छापतंय. ती छापली गेली एकदाच, तुझ्या चौकशीत.



चौकशीतल्या त्या यादीत रुळाचं बेअरिंग तापल्याचा अलार्म अकरा वीसला बंद केलेला होता. पासवर्ड सगळ्यांचा एकच, स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला, त्यामुळे नावाचा प्रश्नच नव्हता, चौकशीवाल्यांनी फक्त वेळ बघितली. सहा ते दोन तुझी शिफ्ट. संध्याकाळी बेअरिंग फुटलं, फिटरकाकांची दोन बोटं गेली आणि बिल मात्र तुझ्या नावावर फाटलं. मी एकही अलार्म बंद केला नाही, असं तू कानीकपाळी ओरडून सांगत होतास. बाबांनी चाळीस वर्षं त्याच कारखान्यात मान खाली न घालता काढलेली. त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं ते आजपर्यंत. आणि मी तुला म्हटलं होतं की विसरला असशील.

अकरा वीस म्हणजे खरे तीन वीस. दोन ते दहा माझी शिफ्ट.

आता जे लिहितेय ते मी कालपर्यंत कोणालाच सांगितलेलं नव्हतं. त्या दुपारी एक अलार्म मी बंद केला होता. तो सेन्सर उगाचच बोंबलायचा, म्हणून कोणता आहे तेही न बघता बटण दाबलं. चौकशीत यादी आली तेव्हा मी आधी माझी वेळ शोधली. माझ्या शिफ्टमध्ये एकही नोंद नव्हती. मला वाटलं, माझा अलार्म किरकोळ असणार, म्हणून नोंदलाच गेला नसेल. मला तसंच वाटून घ्यायचं होतं. तू काम सोडून, गाव सोडून गेलास तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. याची मला लाज वाटते, दादा. माफी मागायलाही तोंड नाही.

काल फिटरकाकांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी हाताकडे बघितलं आणि एवढंच विचारलं की दादाला कळवलंस का. आज सकाळी मॅनेजरसाहेबांना लेखी दिलं. सोबत दोन कागद आहेत, एक चाचणीच्या यादीचा, एक माझ्या सहीचा. पत्र तुझ्या हातात पडायला चार दिवस लागतील, तोवर मी बाबांना सांगितलेलं असेल. मला ते काय म्हणतील ते माझं मी बघेन. पण त्यांचा तुला फोन येईल. एकोणीस वर्षांनी त्यांना पहिला शब्द सुचणार नाही, तेव्हा गप्प राहिले तरी फोन ठेवू नकोस.

तुझीच,
धाकटी