तेओचे बत्तीस ठोके

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ७.१०

एक कोडे. गाणे सुरू झाले की मान आपोआप हलू लागते, हा सर्वांचा अनुभव आहे. पण ठोका पडतो त्या नेमक्या क्षणी मान वर असते की खाली? एकाच खोलीत, एकाच गाण्याला, काहींची वर जाते, काहींची खाली, आणि दोघेही स्वतःला तालात समजतात. हे असे का?

उत्तर मला ठाऊक आहे. बॅलेत ठोक्यावर शरीर वर उचलले जाते. जमीन ही सोडून देण्याची गोष्ट. आमच्या ब्रॉन्क्समधल्या नाचात ठोक्यावर गुडघा वाकतो, छाती खाली बसते. जमीन ही भरवशाची गोष्ट. पंधराव्या वर्षापर्यंत मी गल्लीत दुसरा प्रकार केला आणि पुढची शेहेचाळीस वर्षे पहिला. दोन्ही अंगात मुरलेला माणूस या शहरात बहुधा मी एकटाच. (विनय म्हणून 'बहुधा'.)

आणि नेमक्या अशाच माणसाची आज गरज आहे. माझी मुलगी ओडेसा नाताळातल्या त्या जुन्या बॅलेचा हिप-हॉप चित्रपट करते आहे. दर डिसेंबरला गावोगाव होणारे, खेळण्यांचे, उंदरांचे आणि बर्फाचे, तेच. संगीत तेच, खाली ड्रम नवे. चित्रीकरण बंद पडलेल्या स्केटिंगच्या हॉलमध्ये. पंधरा तारखेला हॉल पाडायला घेणार, म्हणजे चौदाला शेवटचा शॉट झालाच पाहिजे.

ओडेसाने मला स्वतः फोन केला. सहा वर्षे आमचे बोलणे नव्हते. (तिचा स्वभाव हट्टी आहे.) तिच्या यादीत माझ्या नावापुढे 'तालमीला मदत' असे लिहिले आहे. मी त्याचा अर्थ सहदिग्दर्शक असा घेतो.

संकल्प. सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलायचे नाही. चारचौघांत तिला 'बेबी' म्हणायचे नाही. आणि काम असे करायचे की चौदा तारखेनंतरही तिने मला फोन करावा.

३ डिसेंबर, बुधवार

पहिली तालीम. मानेचे कोडे समजावून दिले. पंचावन्न मिनिटे. (दहा मिनिटांचा संकल्प व्याख्यानांना लागू नाही, हे स्पष्ट करायचे राहून गेले होते.) उंदरांच्या राजाचे काम करणारा तेओ मेसोनेट डोळे मिटून एकाग्रतेने ऐकत होता. घोरल्यासारखा आवाज हीटरचा असावा. शेवटी त्याने विचारले की प्रोफेसर, सगळं कळलं, आता नाचायचं कधी तेवढं सांगा. सगळे हसले. पहिल्याच दिवशी पदवी मिळाली.

तेओ चौतीस वर्षांचा. हॉलमधले निम्मे नाचणारे त्याच्या नाचाच्या टोळीतले, त्यामुळे त्याचा शब्द चालतो. त्याचा एकट्याचा नाच मात्र पाहण्यासारखा आहे. तो धावत येऊन डाव्या खांद्यावर पडतो, खांद्यावरच अर्धा हॉल घसरत जातो आणि एका हातावर गोठतो. दुसरा तळवा कानावर, जणू कोणीतरी लांबून हाक मारली. ही शेवटची मुद्रा त्याने सोळाव्या वर्षी घडवली. त्यापायी गळ्याचे हाड मोडले होते. सगळे तिला 'तेओची हाक' म्हणतात.

मी त्याला विचारले की हे किती ठोक्यांचे आहे. तो म्हणाला, ते मोजून येत नाही, प्रोफेसर, आलं की येतं. मी चार वेळा मोजले. चारही वेळा बत्तीस. वहीत आकृत्यांसह उतरवून घेतले. आनंदाचा दिवस.

माझ्या व्याख्यानाची टिपणे एकटी यव्हेट बॉइस घेत होती. तेवीस वर्षांची. कुठल्याच टोळीत नाही. तेओच्या टोळीत जागा मिळावी म्हणून दोन वर्षे खटपट करते आहे. जिज्ञासू मुलगी.

५ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी

तेओ स्वतःच्या घराच्या पायरीवर बर्फावरून घसरला. गुडघा मुरगळला. खऱ्या बर्फाला चित्रपटाचे काही सोयरसुतक नसते.

ओडेसाने ठरवले की त्याची जागा मोकळी ठेवायची. चौदापर्यंत बरा झाला तर तो. नाहीतर दुसरे कोणी आपले स्वतःचे काहीतरी करील. स्वतःचे काहीतरी! वहीत बत्तीसच्या बत्तीस ठोके तयार असताना!

बॅलेत याची उत्तम व्यवस्था आहे. एक आजारी पडला की दुसरा तीच पावले घेऊन उभा राहतो. माणूस बदलतो, भूमिका चालू राहते. एकोणिसाव्या वर्षी मला पहिली भूमिका अशीच मिळाली. इथल्या वर्तुळाचा, म्हणजे गोल करून एकेकाने मधे येऊन नाचण्याचा, नियम वेगळा आहे, हे मी दहा वर्षांचा असल्यापासून जाणतो. एकाने घडवलेली हालचाल दुसऱ्याने त्याला विचारल्याशिवाय करायची नाही. केली तर ती चोरी. परंतु हा नियम रस्त्यासाठी आहे. चित्रपटाला बॅलेचा नियम लागू पडतो, असे माझे मत झाले आहे. (आजच झाले.)

योजना: यव्हेटला तयार करायचे. ओडेसाला आधी सांगायचे नाही. तिच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य मला पाहायचे आहे.

६ डिसेंबर, शनिवार

माझ्या इमारतीच्या तळघरात, कपडे वाळवण्याच्या यंत्रांसमोर, पहिला वर्ग. यव्हेटने विचारले, तेओला विचारलंय ना? मी सांगितले की सगळी व्यवस्था झालेली आहे. ती झालेलीच होती, वहीत.

७ डिसेंबर, रविवार

दुसरा वर्ग. खांदा उत्तम घसरतो. यव्हेटने पुन्हा तोच प्रश्न केला, नक्की विचारलंय ना हो, कारण तेओ नुसता माणूस नाहीये, तो दरवाजा आहे. मी म्हणालो, तू ठोक्यांकडे लक्ष दे.

काल विचारायला हवे होते. आता विचारले तर काल का विचारले नाही असा प्रश्न निघेल. त्यामुळे न विचारणेच सुसंगत.

९ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळी ५

घडले ते क्रमाने लिहितो.

सकाळी सगळे अंग मोकळे करायला वर्तुळ करून उभे होते. तेओ पट्टा बांधलेला पाय लांब करून खुर्चीवर. मी यव्हेटला मधे ढकलले. (हळूच.) तिने बत्तीस ठोके बिनचूक केले. एका हातावर गोठली, तळवा कानावर. मी मनात टाळ्या मोजायला सुरुवात केली.

टाळ्या आल्या नाहीत. गाणे एकटेच वाजत राहिले.

मग तेओच्या टोळीतल्या रॉलिनने दोन्ही कोपरे जुळवून हात समोर धरले आणि मगरीच्या जबड्यासारखे उघडले, मिटले. या खुणेचा अर्थ या भागात शेंबड्या पोरालाही कळतो: दुसऱ्याचं खाल्लंस. पण मी असे समजलो की त्याचे खांदे आखडले असावेत. मग आणखी पाच जणांचे खांदे आखडले.

तेओ ओरडला नाही. कोट घातला, कुबडी घेतली आणि यव्हेटपाशी थांबून म्हणाला, मस्त बसवलंयस गं. आता माझ्याकडे काय ठेवलंयस तेवढं सांग. यव्हेटने माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी मी वहीचे पान शोधत होतो.

ओडेसाने मला स्केट भाड्याने देण्याच्या जुन्या काउंटरमागे नेले. विचारले, डॅडी, तू त्याला विचारलं होतंस? मी बॅलेतल्या बदली कलावंतांच्या परंपरेपासून सुरुवात केली. ती म्हणाली, हो की नाही? मी म्हणालो की हा हो-नाहीचा प्रश्न नाही, बेबी. (दुसरा संकल्पही मोडला. पण काउंटरमागे चारचौघे नव्हते.)

१० डिसेंबर, बुधवार

यव्हेट तालमीला आली नाही. तीन वेळा फोन केला. चौथ्यांदा उचलून म्हणाली, प्रोफेसर, आता मी कुठल्याही हॉलमध्ये पाय ठेवला की लोक ते हात करतील. दोन वर्षं मी त्या दारात उभी होते. तुम्ही मला खिडकीतून आत टाकलंत, आणि घरात सगळे जागे होते. उपमा चांगली होती. तसे मी तिला सांगितले. तिने फोन ठेवला.

तेओची टोळी चौदाला येणार नाही असे कळते. टोळी नाही तर वर्तुळ नाही. वर्तुळ नाही तर शेवटचा शॉट नाही. ओडेसाने मला सांगितले, तेओकडे जा आणि दोन वाक्यं बोल. एक, मी तुला विचारलं नाही. दोन, यव्हेटला मी खोटं सांगितलं. दोनच, डॅडी. तिसरं नको.

दोन वाक्ये. सोपे आहे.

११ डिसेंबर, गुरुवार

तेओकडे जाऊन आलो. भेट अत्यंत फलदायी. त्याची आई मिग्दालिया हिने दारातच हातातला कोट काढून घेतला, नाताळासाठी केळीच्या पानात बांधलेले मांसाचे उंडे वाफवत होती, त्यातले दोन माझ्या ताटात घातले आणि म्हणाली, खा आधी, तोंड सुकलंय तुमचं. मी बॅले आणि वर्तुळ यांतील मालकीच्या कल्पनेचा फरक मांडला. तेओ गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून ऐकत होता. या वेळी डोळे उघडे ठेवून.

शेवटी म्हणाला, प्रोफेसर, तास झाला. तुम्ही अजून त्या पोरीचं नावसुद्धा घेतलं नाहीत.

मी म्हणालो, त्याच मुद्द्याकडे येत होतो. मिग्दालियाने कोट आणून दिला. उरलेले उंडेही बांधून दिले.

मुद्द्याकडे उद्या.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पाऊस आणि गारा. घसा बसला आहे. दोन वाक्यांचा मसुदा तयार केला. तो चार पाने झाला.

उद्या सकाळी नक्की.

१३ डिसेंबर, शनिवार. सकाळी ११

कोट घालून निघणार तेवढ्यात ओडेसा आली. बसली नाही. म्हणाली, जायची गरज नाही, मीच काल जाऊन सांगितलं. तेओ म्हणाला, मला वाटलंच होतं, पोरगी एवढी मूर्ख नाहीये. त्याने तिथेच यव्हेटला फोन लावला. तिला म्हणाला, ए, उद्या ये, पण तुझं स्वतःचं घेऊन ये. वाईट असलं तरी चालेल, तुझं पाहिजे. टोळीही येणार आहे.

मी म्हणालो, म्हणजे सगळे सुरळीत झाले.

ओडेसा म्हणाली, मी बॅले सोडलं तेव्हा तू सगळ्या कंपनीला काय सांगितलं होतंस, आठवतं? ओडेसा आजारी आहे, वसंतात परत येईल. मला न विचारता माझी परतायची तारीखसुद्धा देऊन टाकली होतीस. लोक मला औषधं सुचवायचे, डॅडी. मी आजारी नव्हते. मला तुझी पावलं नको होती.

तिची स्मरणशक्ती पक्की आहे. हा गुण माझ्याकडून आलेला.

मी विचारले, उद्या येऊ का? ती बराच वेळ हातमोजे घालत राहिली. मग म्हणाली, वर्तुळात एक माणूस कमी पडतोय. राखाडी शर्ट घाल. बोलू नकोस.

वर्तुळात उभे राहायला तिने मला स्वतः सांगितले, ही नोंद महत्त्वाची.

१४ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ४

राखाडी शर्ट घातला. बोललो नाही. यव्हेट समोरून गेली तेव्हा पहिल्या वाक्याची प्रस्तावना सुरू केली होती. ती थांबली नाही, त्यामुळे ते बोलणे धरता येत नाही.

शेवटचा शॉट. छतावरून कागदी बर्फ. तेओ खुर्चीवर, पण खुर्ची वर्तुळात. यव्हेट मधे आली. सुरुवात कच्ची, दुसऱ्या आवर्तनात तोल गेला, एकदा चक्क बसली. बसल्या बसल्याच तिने काहीतरी विलक्षण केले. ते किती ठोक्यांचे होते हे मला सांगता येणार नाही. सगळे ओरडले. तेओने कुबडी जमिनीवर आपटली आणि ओरडला, हे बघा, हे कुणाचं आहे? तिचं! रॉलिनचे खांदे आज ठीक होते.

मग कॅमेरा हलवायला दहा मिनिटे लागली. वर्तुळ तसेच उभे होते. लोक खांद्याला खांदा लावून गप्पा मारत होते, चिडवत होते. माझ्या डावीकडचा माझ्या पाठीमागून उजवीकडच्याशी बोलत होता. अशा वेळी निरीक्षणाला वाव असतो. मी कोणालाही न सांगता एक पाऊल मागे घेतले.

ओडेसा पडद्यावर पाहत होती. मी तिच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो. तिने वळून पाहिले नाही. कॅमेरावाल्याला म्हणाली, थांब, काही बदललं का? आता गोल बरोबर दिसतोय. असंच ठेव.

असेच ठेवले.

चाचणी अगदी सोपी आहे. साहित्य लागत नाही. चार माणसे गोल करून बोलत उभी असतील तिथे कोणालाही करता येईल. न बोलता एक पाऊल मागे घ्यावे आणि आठपर्यंत मोजावे. जागा तशीच राहिली तर ती आपली होती. खांदे जुळले तर नव्हती.

माझे मोजणे तीनपर्यंत गेले. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये, हे मी एकतीस वर्षे वर्गात शिकवत आलो. परंतु ही चाचणी पुन्हा करायची, तर आधी आत उभे असावे लागते.