यार्मिलाला घेऊन येताना

लॉस एंजेलिस, मार्च १९३७

प्रिय ब्लांका,

अक्षर लागत नसेल तर सावकाश वाच. दोन्ही हातांना पट्ट्या आहेत, पेन नीट धरवत नाही. पण हे दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायचं नव्हतं.

तुझी धाकटी बहीण, आपली यार्मी, इथे आली तेव्हा मी नुकती कुठे नावारूपाला येत होते. त्याआधीचं तुला ठाऊकच आहे. लुदमिला हे नाव कुणाच्या तोंडात बसेना म्हणून स्टुडिओनं मला लेनोर केलं. कपाळ मोठं दिसावं म्हणून पुढचे केस उपटले, गाल खोल दिसावेत म्हणून चांगल्या दाढा काढल्या. मग एकामागून एक चित्रपटांत मी खोकत खोकत मरायचे आणि नायक दुसरीशी लग्न करायचा. नेब्रास्कात तुम्ही थेटरात बसून हसायचात म्हणे. यार्मीची उंची, खांदे, केस, सगळं माझ्यासारखं. दिवे नीट लावून होईपर्यंत माझ्या जागी उभं राहायचं काम तिला मिळालं. "घाम मी गाळते आणि फोटो तुझा छापून येतो," म्हणायची, आणि तू पाठवलेले कोलाचे, ते खसखस भरलेले गोड पाव, माझ्या हातातून काढून खायची, कारण मला वजन वाढवायची बंदी.

या चित्रपटात मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत जगणार होते. नाचाचा प्रसंग होता. विजेच्या मेणबत्त्या खोट्या दिसतात म्हणून दिग्दर्शक क्रेलनं खऱ्या लावायला लावल्या. यार्मीला माझ्यासारखाच जाळीचा पांढरा घोळदार झगा घातला होता. तो उडायला हवा म्हणून मोठा पंखा आणला. कपडे सांभाळणाऱ्या बाईनं हरकत घेतली, तर क्रेल म्हणाला, नुसती चाचणी तर आहे. मी खुर्चीत बसले होते. यार्मीनं माझ्याकडे बघून शाळेत वेडावायची तसं वेडावलं, आणि पंखा सुरू झाला.

मी धावले. हाताशी काही सापडलं नाही, म्हणून हातांनीच विझवत राहिले.

तिच्या हातात सिगारेट होती, असं स्टुडिओनं तुम्हाला तारेनं कळवलं. वडिलांच्या पाइपच्या धुरानंही ठसका लागणारी आपली यार्मी! डॅगेट नावाचा स्टुडिओचा माणूस इस्पितळात फुलं घेऊन आला. "सिगारेट दिसली, एवढंच म्हणा," तो म्हणाला, "मुलगी काही परत येणार नाही. तुमचं मात्र आत्ता कुठे सुरू झालंय." चौकशीत मी जे पाहिलं ते सांगितलं: मेणबत्ती, पंखा, क्रेल. बाकी सगळ्यांना सिगारेट दिसली होती. कपडेवाल्या बाईलाही, मान खाली घालून. तिच्या पदरात पोरं आहेत, मी तिला बोल लावत नाही. निकाल लागला: अपघात, दोष कुणाचाच नाही. धक्क्यानं माझं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही, असं वर्तमानपत्रांनी छापलं. माझा करार संपवला. आता दुसऱ्या मुलीला घेऊन तोच नाच पुन्हा चित्रित होतोय, विजेच्या मेणबत्त्या लावून.

ती लगेच गेली का, असं तू तारेत विचारलंस. नाही, ब्लांका. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. शुद्धीवर होती. आई कुठे आहे, विचारत होती. मी म्हटलं, येतेय, गाडीत बसलीय. तर म्हणाली, "मग मला नीट झाक."

हे पत्र विमानानं पुढे धाडतेय, कारण गाडीला वेळ लागेल. यार्मीला घेऊन मी येतेय. मावशी पेटी उघडायचा हट्ट धरेल. आई आहे, धरणारच. सिगारेटची गोष्ट खोटी आहे हे तिला आधी सांग, मग तिला घट्ट धरून ठेव. पेटी उघडू देऊ नकोस. तूही बघू नकोस. मी बघितलंय. आपल्यात एकीनं बघितलं तेवढं पुरे.

तुझीच,
लुदमिला