दाजींनी पाठवलेलं सील

३ फेब्रुवारी २०२६, मंगळवार
गाडीखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर आज सात थेंब. काल पाच होते. इंजिनखाली कोरडं आहे. गळती मागे, दोन चाकांमधल्या लोखंडी गोळ्यातून, जिथे लांब दांडा येऊन मिळतो तिथे. बोटाला चिकट, उग्र वास — गिअर ऑइल!

दसऱ्याला ही गाडी जगनदाजींकडून घेतली. "थेंब गळत नाय, डोळे मिटून ने," म्हणाले होते. डोळे मिटूनच नेली.

वनिताताईला सातवा सरत आला. पंधरा तारखेला याच गाडीतून तिला निडीहून, दाजींच्या घरून, इथे कासूला, बाळंतपणाला आणायचं आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार
दाजींना फोन केला, म्हटलं दांड्याच्या तोंडाशी ऑइल अडवणारी रबरी कडी, सील, गेलं असणार. "सील विकत घेऊ नको, माझ्याकडं नवं हाय. पाठवतो."
गळत नव्हती, तर सील घरात कशाला?

८ फेब्रुवारी, रविवार
मागची बाजू उचलली, खाली ठोकळे, पुढच्या चाकांना दगड. दांडा सोडण्याआधी जोडावर खिळ्याने खूण केली. मधल्या नटालाही खूण. सोडताना फेरे मोजले — साडेअकरा. जास्त आवळला तर आतल्या गिअरचे दात झिजतात.
आई दारातून, "मेकॅनिकला बोलाव की रे! तुझे नुसते पाय दिसतात मला."
जुनं सील निघालं. बसायच्या जागेवर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे. माझे नाहीत, मी फडका धरून काढलं. म्हणजे हे आधी उघडलंय!
दाजींचं सील पाइपच्या तुकड्याने हळूहळू ठोकून बसवलं. साडेअकरा फेरे, खुणेला खूण. ऑइल भोकातून ओघळेपर्यंत भरलं. पेणला जाऊन आलो.

९ फेब्रुवारी, सोमवार
नऊ थेंब.

१० फेब्रुवारी, मंगळवार
फोनवर सगळं बोललो. गळती लपवून गाडी गळ्यात मारलीत, वर सीलही वापरलेलं पाठवलंत.
दाजी म्हणाले, "माझ्या आधी पण मालक व्हता रे तिला. जुनी गाडी, कधीतरी लागंल म्हणून सील आणून ठेवलं व्हतं."
उत्तर तयारच होतं!
ताईने फोन ओढून घेतला. "माझ्या माणसाला चोर म्हणतोस? मग माझं बाळंतपण इथंच. तुझ्या दारात पाय नाय ठेवायची."
आई जेवली नाही. "पहिली खेप हाय रे तिची," एवढंच म्हणाली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
नागोठण्यापर्यंत जाऊन आलो आणि गाडी गरम असतानाच खाली शिरलो. गोळ्याच्या वरच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी टोपी आहे. आतली तापलेली हवा तिच्यातून बाहेर जाते. टोपी रंगाने बुजलेली.
काळा रंग. खाडीच्या वाऱ्याने गंजू नये म्हणून दिवाळीत मीच मारला, दोन हात. तिळाएवढी जागा सोडली नव्हती.
खिळ्याने खरवडला — फुस्स! हवेला वाट नव्हती, म्हणून ती ऑइलला सीलमधून ढकलत होती.
सीलमध्ये काही दोष नव्हता.

१४ फेब्रुवारी, शनिवार
पुठ्ठा कोरडा. दाजींना लावायला फोन तीनदा हातात घेतला. उद्या सांगेन.

१५ फेब्रुवारी, रविवार
सकाळीच दाजी ताईला रिक्षातून घेऊन आले. अंगणातच माझ्यापुढे हात जोडले. "माझंच चुकलं. नीट बघून द्यायला पायजे व्हती गाडी." आई रडत होती. ताई माझ्याकडे बघत होती.
मी म्हणालो, "जाऊ द्या दाजी. मी मनात ठेवलं नाही."