टेबलावरची रिकामी जागा

३ मार्च
नवं चित्र काढायला घेतलं. विषय शोधायला लांब कशाला जा — माझंच कामाचं टेबल! बाबांच्या दाढीच्या मगात ब्रश, आईच्या चष्म्याच्या डबीत कोळशाच्या कांड्या, काकूच्या बशीत टर्पेंटाइन, कडेला रंग खरवडायची सुरी. उजवीकडे काहीतरी उंच हवं. ती जागा ओकीबोकी दिसते.

४ मार्च
ताई खुर्चीत बसून बघत होती. आजाराने धाप लागते, पण जीभ शाबूत आहे. "तुझ्या टेबलावर सगळी गेलेली माणसंच आहेत की रे." म्हटलं, वस्तू टाकून देण्यापेक्षा बरं. तर म्हणते, "टाकायच्या कशाला? तो मग उचललास तेव्हा बाबा रोज त्यानेच दाढी करत होते. किती कुरकुरले!"
मी हसलो. ती नाही हसली.

५ मार्च
काम झालं नाही. नुसता आठवत बसलो. दाढीचा मग नेला आणि बाबा त्याच महिन्यात गेले. डबी आईला न विचारता घेतली, ती चष्मा तसाच उशाशी ठेवायची. तिनेही फार दिवस काढले नाहीत. आणि बशी आणली तेव्हा काकू तर चांगली धडधाकट होती, त्याच बशीतून चहा प्यायची.
योगायोग. म्हातारी माणसं, कधीतरी जायचीच. मनाची समजूत घालायला काय जातंय.

७ मार्च
भीती वाटतेय, लिहूनच टाकतो. सकाळी टेबलाच्या उजव्या बाजूला ताईच्या औषधाची निळी बाटली. हवी तेवढीच उंच, हवी तिथेच. मी ठेवलेली नाही.
"तूच तर नेलीस, माझ्यासमोर," ताई म्हणाली. "चित्राला लागेल म्हणालास."
आत औषध अर्धं शिल्लक होतं. धावत नेऊन तिच्या उशाशी ठेवली. ताईखेरीज मला आहे कोण?

८ मार्च
चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. त्यात बाटली रंगवून झालेली आहे. ब्रशचे फटकारे माझेच दिसतात.

११ मार्च
ताई आज भिंतीला न धरता चालली. डॉक्टरही चाट पडले. जीव भांड्यात पडला.

१२ मार्च
ताईने स्वयंपाकघराच्या खिडकीत रोप लावलंय. माझ्या चहाच्या कपात. हा कशाला घेतलास, म्हटलं. माती दाबता दाबता ती सहज म्हणाली, "असू दे रे. तुला आता कुठे लागणार?"
सकाळचा चहा मी त्यातच घेतला होता.